हे पुस्तक कोणाला द्याल?

वाचनालयाच्या टेबलामागे बसणाऱ्या माणसाला लोक हमखास एकच सांगतात, ‘काहीतरी चांगलं द्या ना वाचायला.’ गासला मी संध्याकाळचं वाचनालय सांभाळते. नालासोपारा स्टेशनवरून शेअर रिक्षाने घरी परतणारे नोकरदार, वाडीतलं काम आटोपून हातपाय धुऊन आलेल्या बायका, कॉलेजची मुलं, आजीचं बोट धरून आलेली पोरं, सगळ्यांच्या तोंडी हेच. मला त्याचा कंटाळा येत नाही, पण उत्तराचीही मी घाई करत नाही. आधी विचारते, मागचं कुठलं पुस्तक अर्ध्यावर सोडलंत? आवडलेल्या पुस्तकांची नावं माणूस पुष्कळदा भिडेपोटी घेतो. सोडलेल्या पुस्तकाबद्दल मात्र खरं बोलतो. ‘फार वर्णनं होती’, ‘त्यातल्या नवऱ्याचा राग आला’, ‘रात्री वाचलं की झोप लागेना’. एवढं कळलं की त्या माणसाच्या हातात काय ठेवावं याचा थोडा अंदाज येतो.

गास हे वसई तालुक्यातलं बागायती गाव. आसपास निर्मळ, भुईगाव, वाघोली, पलीकडे सोपारा. केळी, पानवेली, भाजीपाला, फुलं आणि त्यांना पाणी पुरवणारी बावखलं यांवर इथल्या पिढ्या जगल्या. इथले कुपारी ख्रिस्ती आणि सामवेदी ब्राह्मण घरात एकच बोली बोलतात, हे बाहेरच्या माणसाला सांगितलं की त्याला नवल वाटतं. अलीकडे नालासोपाऱ्याच्या इमारतींमधले वाचकही येऊ लागले आहेत. त्यांत कोणी रत्नागिरीचे, कोणी साताऱ्याचे, कोणी खानदेशातले. एका खोलीत इतक्या तऱ्हेची माणसं बसतात, तेव्हा ‘चांगलं पुस्तक’ या दोन शब्दांनी प्रत्येकाच्या डोळ्यांपुढे वेगळंच काहीतरी येतं.

महिन्याच्या शेवटच्या रविवारी आम्ही वाचक एकत्र बसतो. सकाळची मिस्सा, दुपारचं जेवण, थोडी झोप, आणि ऊन उतरलं की मंडळी जमतात. सुरुवातीच्या काळात प्रत्येकाने आपलं आवडतं पुस्तक आणायचं आणि त्यावर बोलायचं, एवढाच बेत असे. ‘मृत्युंजय’, ‘स्वामी’, ‘ययाती’, ‘पार्टनर’, ‘व्यक्ती आणि वल्ली’ ही नावं दर वेळी यायची. त्यात गैर काही नव्हतं. या पुस्तकांनी महाराष्ट्रात लाखो वाचक घडवले आहेत, आणि ‘मृत्युंजय’ वाचून रात्र जागवलेल्या माणसाचा चेहरा अजूनही मला लांबून ओळखता येतो. बोलणारा कथानक सांगायचा, ‘प्रत्येकाने एकदा तरी वाचावं’ म्हणायचा, टाळ्या पडायच्या, चहा व्हायचा. पुस्तक मात्र ज्याने आणलं त्याच्याच पिशवीतून परत जायचं. नेणारं कोणी नसायचं.

आमच्यात पश्चिम रेल्वेतून निवृत्त झालेले एक मोटरमन काका आहेत. पंढरीचे वारकरी, ज्ञानेश्वरीचं पारायण करणारे. एका रविवारी त्यांनी बोलणाऱ्याला मध्येच थांबवलं. म्हणाले, “सगळ्यांनी वाचावं म्हणता, सगळ्यांनी म्हणजे कोणी? इथे बसलेल्यांपैकी एकाचं नाव घ्या.” बोलणारा गडबडला. मग त्याने सगळ्यांवरून नजर फिरवली आणि एका मुलीकडे बोट दाखवलं. का, तेही सांगावं लागलं. ती मुलगी पुस्तक घरी घेऊन गेली. तेव्हापासून आमची बैठक तशीच चालते. पुस्तकाबद्दल हवं तेवढं बोला, पण शेवटी हे पुस्तक इथल्या कोणाला द्याल आणि का, ते सांगितल्याशिवाय खाली बसायचं नाही.

ऐकायला सोपं वाटतं. करायला बसलं की जड जातं. नाव घ्यायचं म्हणजे त्या माणसाकडे आपण नीट पाहिलेलं असायला हवं. तो काय करतो, कशाने हसतो, सध्या त्याच्या घरात काय चाललंय, याची थोडी तरी जाण हवी. शिवाय चारचौघांत नाव घेताना जिभेवर ताबा लागतो. विधुर झालेल्या माणसाला मृत्यूवरचं पुस्तक द्यायचं का, आणि दिलं तर सर्वांसमक्ष काय बोलायचं? एक सवलत आम्ही आपसूक पाळत आलो: ज्याला पुस्तक मिळालं त्याने ते न वाचता परत केलं तरी चालेल, त्याला कोणी कारण विचारणार नाही. या सवलतीमुळेच माणसं मोकळेपणाने पुस्तक देतात आणि घेतात, असं माझं मत आहे.

लक्ष्मीबाई टिळकांचं ‘स्मृतिचित्रे’ आमच्याकडे असंच फिरायला लागलं. चार भागांत, १९३४ ते १९३७ या काळात ते पहिल्यांदा छापून आलं. लक्ष्मीबाई १९३६ साली गेल्या आणि शेवटचा भाग त्यांच्या मुलाने, देवदत्त टिळकांनी पुरा केला. इमारतीतल्या एका ताईंनी ते आणलं होतं. मूळच्या नाशिककडच्या, बँकेत नोकरी. त्यांनी नाव घेतलं गावातल्या एका आजींचं. लाल लुगडं नेसणाऱ्या जुन्या पिढीतल्या ज्या मोजक्या कुपारी बायका आता उरल्या, त्यांतल्या या एक. आयुष्यभर दादरच्या बाजारात भाजी विकली. हिशेब तोंडपाठ, वाचन मात्र अडखळत. नातीला घेऊन त्या नुसत्या ऐकायला येत. ताई म्हणाल्या, “लक्ष्मीबाईंनाही लग्नानंतरच अक्षरओळख झाली, आणि त्यांनी केवढं पुस्तक लिहिलं बघा. आजींना नातीने वाचून दाखवावं.”

नातीने रोज थोडं थोडं वाचून दाखवलं. पुस्तक परत करायला आजी स्वतः आल्या आणि टेबलाशी खुर्ची ओढून बसल्या. बाजारातून आणलेली चीजवस्तू धुऊन घेणारे लक्ष्मीबाईंचे वडील आठवून त्या खूप हसल्या. मग गंभीर झाल्या. लक्ष्मीबाईंचे पती नारायण वामन टिळक यांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला, लक्ष्मीबाईंनी पाच वर्षांनी. मधल्या वर्षांत त्या बाईने जे सोसलं, त्यावर आजी बराच वेळ बोलत राहिल्या. सरतेशेवटी म्हणाल्या, “आमच्या घराण्यात कोणी पहिल्यांदा ख्रिस्ती झालं असेल ना, तेव्हाही कोणीतरी बाई अशी रडली असेल.”

मी लहानपणापासून वसईचा इतिहास ऐकत आले आहे. १५३४ साली पोर्तुगीज आले, १७३९ साली चिमाजी अप्पांनी किल्ला घेतला, मधल्या दोनशे वर्षांत इथल्या कितीतरी घरांनी धर्म बदलला. या सगळ्यात एखादी बाई काय बोलली, तिने चूल वेगळी मांडली का, माहेर तुटलं का, याची नोंद निदान माझ्या वाचनात कुठे आलेली नाही. आजींनी दुसऱ्या गावच्या, दुसऱ्या शतकातल्या एका पुस्तकातून स्वतःच्या घरातली ती रिकामी जागा शोधली. मी कितीही विचार केला असता तरी हे पुस्तक त्यांच्यासाठी मला सुचलं नसतं. नाशिकच्या ताईंना ते सुचलं, कारण त्या दर महिन्याला आजींच्या शेजारी बसत होत्या.

वाचकांनी हात लावलेलं पुस्तक मला कपाटातल्या कोऱ्या पुस्तकापेक्षा प्रिय आहे. पावसाळ्यापूर्वी आम्ही पुस्तकं खाली काढतो, पुसतो, कसर लागली आहे का बघतो, डांबरगोळ्या बदलतो. समुद्राची हवा आणि चार महिन्यांची ओल, त्यामुळे बुरशी धरायला वेळ लागत नाही. या झाडझुडीत पुस्तकं निवांत हाताळायला मिळतात. पेंडशांच्या ‘गारंबीचा बापू’ या कादंबरीच्या आमच्या प्रतीत पानांच्या कडांना तपकिरी काळपट डाग आहेत. केळीच्या चिकाचे. कपड्याला लागला तर जन्मात न जाणारा हा चीक. घड उतरवून आलेल्या बोटांना तो असतोच. सुरुवातीच्या पानांवर डाग विरळ आहेत. पुढे ते दाट होत जातात. म्हणजे आधी हात धुऊन वाचायला बसणारा माणूस पुढे हात धुवायलाही थांबला नाही. दापोलीच्या बाजूची पेंडशांची सुपारीची बाग वसईच्या केळीच्या वाडीत कुणीतरी अशी वाचून काढली. ही प्रत मी पुन्हा बांधून घेतली, रद्द केली नाही.

आता ज्या पुस्तकाबद्दल मला सगळ्यात अधिक सांगायचं आहे, ते गोदावरी परुळेकरांचं ‘जेव्हा माणूस जागा होतो’. १९७० सालचं, १९७२ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेलं. तलासरी, डहाणूकडच्या वारल्यांनी १९४५ साली वेठबिगारीविरुद्ध जो लढा उभारला, त्याची ही हकिकत, लढ्यात स्वतः उतरलेल्या बाईने लिहिलेली. पालघर जिल्हा २०१४ साली वेगळा झाला. या जिल्ह्याचं असं एकच पुस्तक सांगा म्हटलं तर मी हेच सांगेन.

ते आणलं जिल्हा परिषदेच्या एका निवृत्त गुरुजींनी. त्यांची बरीचशी नोकरी डोंगराकडच्या शाळांवर झालेली. त्यांनी नाव घेतलं गावातल्या एका इंजिनिअर मुलाचं. घरची मोठी वाडी, मुलगा अंधेरीला नोकरीला, रविवारी वडिलांना मदत करतो. गुरुजी म्हणाले, “तुझ्या वाडीत केळी कापायला जी माणसं पूर्वेकडून येतात, त्यांच्या आज्यापणज्यांची ही गोष्ट आहे. तू त्यांना मजुरी देतोस. म्हणून हे तुला.” क्षणभर सगळेच अवघडलो. मुलाने काही न बोलता पुस्तक घेतलं.

ते त्याने ठेवून घेतलं. मुदत संपली, नव्याने नोंदवून घेतलं. परत करताना त्याने मला विचारलं, “शेतावर राबवून घ्यायचं आणि मजुरीच द्यायची नाही, हे इथून लोकलने दोन तासांवर चालत होतं?” त्याला धक्का बसला तो अंतराचा. वाडीत येणाऱ्या बाईला गाव कुठलं हे त्याने कधी विचारलं नव्हतं; आता विचारलं. डहाणूच्या आतल्या बाजूचं निघालं. तिच्या आजोबांना लाल बावट्याच्या सभा आठवत होत्या, असं ती म्हणाली. पुढच्या बैठकीला त्या मुलाने कविता महाजनांची ‘ब्र’ ही कादंबरी आणली. पंचायतीत निवडून आलेल्या बायकांची ही कादंबरी २००५ साली आली. त्याने ती गुरुजींनाच दिली आणि म्हणाला, “पुढे काय झालं, ते यात आहे.” गुरुजींनी ती आधी वाचलेली नव्हती. तरुण वाचकाकडून म्हाताऱ्याकडे पुस्तक गेलं की मला विशेष आनंद होतो. आपल्याकडे सांगणं नेहमी वरून खाली येतं, उलटी वाट फारशी कोणी चालत नाही.

याच संदर्भात मला भुईगावचा दगड आठवतो. सोपारा हे प्राचीन शूर्पारक बंदर. इथे १८८२ साली भगवानलाल इंद्रजींना स्तूपाचे अवशेष आणि अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला. पुढे १९५६ साली आमच्या शेजारच्या भुईगावात नवव्या शिलालेखाचा तुकडा सापडला. देशात इतर ठिकाणी मिळालेल्या पाठांवरून या नवव्या लेखाचा मजकूर पुरता कळतो. आजारपण, लग्न, अपत्यजन्म, प्रवास अशा वेळी लोक नाना मंगलविधी करतात. पण खरं मंगल म्हणजे दासांशी आणि नोकरचाकरांशी नीट वागणं, वडीलधाऱ्यांचा मान राखणं, असा त्याचा आशय. आणि हे बापाने, मुलाने, भावाने, धन्याने, मित्राने, अगदी शेजाऱ्यानेही एकमेकांना सांगावं, असंही त्यात आहे. राजाची आज्ञा असूनही ती पुढे न्यायचं काम मित्रावर आणि शेजाऱ्यावर सोपवलेलं आहे. गुरुजींनी त्या मुलाला पुस्तक देताना हा लेख त्यांच्या मनात होता का, मी विचारलं नाही. मला तो आठवला आणि मी पुढच्या बैठकीत तो सांगितला. आमच्यातल्या बहुतेकांना भुईगावात असं काही सापडलं होतं, हेच ठाऊक नव्हतं. तिथे समुद्रावर फिरायला तर सगळेच जातात.

फादर फ्रान्सिस दिब्रिटो २५ जुलै २०२४ रोजी गेले. १९४२ साली नंदाखाल इथे जन्मलेले, १९८३ पासून २००७ पर्यंत ‘सुवार्ता’ मासिकाचे संपादक, हरित वसईच्या आंदोलनातले बिनीचे कार्यकर्ते, २०२० सालच्या उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष. पण आमच्या पट्ट्यात ते ‘आपले फादर’ होते. एका चर्चच्या मासिकात त्यांनी सर्व धर्मांच्या लेखकांना लिहितं केलं, आणि आमच्या घरांतल्या कितीतरी जणांचं मराठी वाचन त्या मासिकापासून सुरू झालं. ते गेल्यानंतर वाचनालयात त्यांची पुस्तकं मागायला रांग लागली. त्या महिन्याच्या बैठकीत बहुतेकांच्या हातात त्यांचंच काहीतरी होतं: ‘ओॲसिसच्या शोधात’, ‘तेजाची पाऊले’, ‘नाही मी एकला’.

एका कुपारी शिक्षिकेने ‘सुबोध बायबल’ आणलं होतं. २०१० साली आलेला हा मोठा ग्रंथ. त्याला साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कारही मिळाला. चर्चमधल्या कोणाला तरी त्या तो देतील, असंच सगळ्यांना वाटत होतं. त्यांनी नाव घेतलं वारकरी मोटरमन काकांचं. म्हणाल्या, “काकांना अभंग पाठ आहेत. त्यांनी यातली स्तोत्रसंहिता वाचावी आणि त्यांना काय वाटलं ते मला सांगावं. मी लहानपणापासून ती ऐकते, त्यामुळे मला आता ती नवी वाटत नाही.” काकांनी वाचली. पुढच्या वेळी ते तुकोबांच्या अभंगांची निवड घेऊन आले आणि ती शिक्षिकाबाईंना दिली. रेव्हरंड टिळक तुकोबांच्याच वाटेने ख्रिस्ताकडे आल्याचं सांगत, याची त्यांनी आठवण करून दिली. मी त्यात भर घातली ती फादर स्टीफन्सची. जन्माने इंग्रज असलेल्या या धर्मगुरूने गोव्यात मराठी ओवीत ‘ख्रिस्तपुराण’ रचलं, ते १६१६ साली छापून निघालं. नव्याने ख्रिस्ती झालेल्या लोकांना पूर्वी ऐकत असलेल्या पुराणांची उणीव भासत होती, आमच्यासाठीही असं काही लिहा अशी त्यांनी मागणी केली, असं त्या ग्रंथातच आलं आहे. मागणारा श्रोता समोर होता म्हणून तो ग्रंथ मराठीत झाला. मराठी ख्रिस्ती वाङ्मयाचा उगमच अशा मागणीत आहे, याचा मला मनापासून अभिमान वाटतो.

मुलांचं मात्र अवघड आहे. गावातली बहुतेक मुलं इंग्रजी शाळेत जातात. घरात बोली, शाळेत इंग्रजी, आणि पुस्तकी मराठी दोन्हींच्या मधे कुठेतरी. त्यांना मराठी वाचायचा आग्रह मोठ्यांनी केला की ती पळतात. दुसऱ्या मुलाने सांगितलं की थांबतात. सातवीतल्या एका मुलाने भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे आणला होता, तो त्याने आपल्या वर्गातल्या मित्राला दिला आणि कारण दिलं, “हापण तुझ्यासारखाच सायकलवरून पडतो.” समीक्षकाला जे पानभर लिहून साधलं नसतं, ते एवढ्यात झालं. मित्राने संपूर्ण संच वाचून काढला, अडलेले शब्द आजीला विचारत. पक्ष्यांचे फोटो काढणाऱ्या एका मुलीला कोणीतरी मारुती चितमपल्लींचं ‘रानवाटा’ दिलं, तेही असंच मुक्कामी पोचलं.

सगळीच पुस्तकं पोचतात असं नाही. जी. एं.चं ‘काजळमाया’ मी स्वतः काही जणांना देऊन पाहिलं आहे. माझं फार लाडकं. बरेचदा ते चार दिवसांत परत येतं, आणि ठरल्याप्रमाणे मी कारण विचारत नाही. योग्य माणूस अजून या दारातून यायचा आहे, असं मानून मी ते पुढच्या रांगेत ठेवते. ग्रंथालयशास्त्राचे आपले थोर आचार्य रंगनाथन यांनी १९३१ सालीच पुस्तकाला वाचक मिळवून देणं हे ग्रंथालयाचं कर्तव्य म्हणून सांगून ठेवलं आहे. त्यांचा जन्मदिवस, १२ ऑगस्ट, आपण ग्रंथपाल दिन म्हणून पाळतो. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या विनायक रानड्यांनी २००९ पासून ‘ग्रंथ तुमच्या दारी’ योजनेत पुस्तकांच्या पेट्या वाचकांच्या गटांपर्यंत पोचवल्या, त्यामागेही हीच तळमळ दिसते. पेटी दारी आली की पुढचं काम शेजाऱ्यांचं.

देवघेवीच्या नोंदवहीत मी एक रकाना वाढवला आहे, ‘कोणी सुचवलं’. सरकारी नमुन्यात तो नाही, पण तपासणीला आलेल्या कोणी त्याला हरकत घेतलेली नाही. नवी खरेदी करायची वेळ आली की मी आधी तो रकाना चाळते. प्रकाशकांच्या याद्या आणि पुरस्कारांच्या बातम्या नंतर. यंदा त्या रकान्यावरून ठरलेली यादी अशी: ‘जेव्हा माणूस जागा होतो’ची आणखी एक प्रत, ‘स्मृतिचित्रे’ मोठ्या टाइपात मिळाली तर मोठ्या टाइपात, फास्टर फेणेचे हरवलेले भाग, आणि आजींच्या नातीने सुचवलेलं दया पवारांचं ‘बलुतं’. ते ती कोणाला देणार आहे, हे तिने मला अजून सांगितलेलं नाही. रविवारी सांगते म्हणाली.